वाळक्या तोरणावरची बाळंतीण

मागच्या फाल्गुनात आम्हाला आमच्या घराचं पुढचं दार बंद करावं लागलं. दार मोडलं नव्हतं, फुगलं नव्हतं, किल्लीही हरवली नव्हती. माझ्या अंगठ्याएवढ्या एका पाखरानं ते बंद करायला लावलं आणि माझ्या नवऱ्यानं मुकाट्यानं त्या पाखराचं ऐकलं. माझं त्यानं इतक्या वर्षांत एवढ्या लवकर कधी ऐकलेलं नाही.

आमचं घर पाचोडच्या अलीकडं, शेतात आहे. नवऱ्याची नोकरी शहरातली, म्हणून सगळा संसार उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये झाला. तिथं पाखरू म्हणजे कबुतर आणि जनावर म्हणजे पार्किंगमधलं कुत्रं. नवरा निवृत्त झाला, तसं त्याला आपल्या वाट्याच्या शेतात घर बांधायचं वेड लागलं. घर झालं, आम्ही राहायला आलो आणि त्यानं दुर्बीण विकत घेतली. मोबाइलवर एक अ‍ॅपही घेतलं. पाखराचा आवाज ऐकवला की ते नाव सांगतं म्हणे. पहिल्याच दिवशी फाटकाची बिजागरी करकरली आणि अ‍ॅपनं तिला कुठल्याशा परदेशी बदकाचं नाव दिलं. तेव्हापासून फाटकाला तेल घालायचं मी नाव काढत नाही. उद्या बदक उडून गेलं तर दोष माझ्यावर यायचा.

थंडी सरली, बांधावरचा पळस लाल झाला, शेजारच्या शेतात ज्वारी काढायला बायका बसल्या आणि आमच्याकडं पाहुण्यांची रीघ लागली. पहिली आली ती वानरं. मी गव्हाचा चीक शिजवून कुरडया घातल्या होत्या आणि गच्चीवर जुनं पातळ अंथरून त्यावर वाळत टाकल्या होत्या. खाली येऊन चहा ठेवते न ठेवते तोच वर अख्खं वऱ्हाड उतरलं. मी काठी घेऊन पोचले तेव्हा एक म्हातारी वानरीण पाण्याच्या टाकीवर बसून कुरडई मोडून मोडून खात होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मीठ कमी पडलंय असा चेहरा केला. नवरा खाली अंगणातून दुर्बिणीनं हे सगळं बघत होता. “अगं, काठी नको उगारू, तिच्या पोटाशी पिल्लू आहे,” असं तो मलाच ओरडून सांगत होता. माझ्या पोटाशी आठवडाभराची मेहनत होती, ती त्या दुर्बिणीतून दिसली नसावी.

मग टिटवी आली. घर बांधून उरलेली खडी फाटकाजवळ पडली होती, तिच्यात तिनं अंडी घातली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावरून ती अशी किंचाळत जायची की दूधवाल्यानं आत यायचंच सोडलं. नवऱ्यानं खडीभोवती दगड मांडले आणि मोटारसायकल फाटकाबाहेर लावायला सुरुवात केली. त्यानंतर एक मुंगूस आलं. ते रोज सकाळी मोरीपासून विहिरीपर्यंत फेरी मारायचं. कामं नीट चालली आहेत का बघायला आलेला मुकादमच जणू. आणि फाटकाबाहेर लावलेल्या मोटारसायकलच्या आरशात एका शिंजिराला दुसरा शिंजीर दिसला.

शिंजीर म्हणजे फुलातला मध पिणारं, बाकदार चोचीचं इवलंसं पाखरू. नर काळा-जांभळा, उन्हात मोरपिसासारखा चमकणारा. मादी मात्र साधी, पिवळट. तर तो नर दिवसभर आरशातल्या स्वतःशी भांडायचा. चोची मारायचा, दमायचा, क्लचच्या दांडीवर बसून धाप टाकायचा आणि पुन्हा सुरू. माझ्या माहेरी असे दोन-तीन जण आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नवऱ्याला मात्र कणव आली. त्यानं आपला मोजा आरशावर चढवून वर सुतळी बांधली. पाचोडच्या आठवडी बाजाराला आम्ही मोजा घातलेली गाडी घेऊन गेलो. बाजारात लोकांनी वळून वळून बघितलं.

यांतल्या कुणालाच आम्ही बोलावलं नव्हतं. आणि जिनं यावं म्हणून आम्ही दोघं डोळे लावून बसलो होतो, ती काही येत नव्हती.

ती म्हणजे अक्का, माझी थोरली जाऊ. थोरल्या दिरांबरोबर त्या गावात राहतात, आमच्या शेतापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा माझा नवरा शाळेत होता. सासूबाई कायम आजारी, त्यामुळे त्याचं सगळं अक्कांनीच केलं. पुढं तो शिकायला शहरात राहिला, तेव्हा रोज सकाळच्या एसटीनं त्याचा भाकरीचा डबा यायचा. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली ठेवलेला, फडक्यात बांधलेला. गाठ इतकी घट्ट की सोडवायला दात लावावे लागायचे, असं तो अजून सांगतो. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो आणि मी काहीतरी काम काढून उठते, कारण मलाही भरून येतं.

त्याच अक्का आमच्या वास्तुशांतीला आल्या नाहीत. झालं असं की आमच्याकडं कार्याला बोलवायचं तर घरी जायचं, कुंकू लावायचं आणि हातावर अक्षत ठेवायची. अक्षत आली नाही तर सख्खा भाऊही दारात पाय ठेवत नाही. माझ्या नवऱ्यानं काळ ओळखून सगळ्यांना मोबाइलवर पत्रिका पाठवली. लोकांनी चालवून घेतलं. पत्रिकेवर गणपती होता, नारळ होता, अक्षतांचं चित्रसुद्धा होतं. पण अक्कांना तीही गेली नाही. मी विचारलं तर नवरा म्हणाला, “घरच्यांना कसलं निमंत्रण? वैनी काय पाहुणी आहे? ती घरचीच आहे की.” हे तो इतक्या मायेनं म्हणाला की त्याच्याशी वाद घालायचं कुणाला सुचणार?

त्या दिवशी थोरले दीर एकटेच आले. “तिला बरं नाय,” एवढंच म्हणाले, पंगतीत मान खाली घालून जेवले, दुसऱ्यांदा वाढून न घेता उठले. खरं काय ते आम्हाला बऱ्याच दिवसांनी त्यांच्याचकडून कळलं. अक्का सकाळपासून नवं लुगडं नेसून, नथ घालून आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. सगळं गाव त्यांच्या दारावरून आमच्याकडं जेवायला जात होतं. जो तो विचारायचा, “येताय ना?” त्या म्हणायच्या, “व्हा पुढं, आलेच.” धाकटा दीर अक्षत घेऊन येईल म्हणून त्या दिवस कलेपर्यंत बसल्या आणि मग आत जाऊन लुगडं बदललं. नव्या घराचं तोरण वैनीनं बांधायचं असतं. आमचं तोरण शहरातून आलेल्या माझ्या बहिणीनं बांधलं.

अक्का भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळं होता येतं. त्या भांडल्या नाहीत. आम्ही गेलो की चहा करायच्या, शेवग्याच्या शेंगा द्यायच्या, ताकाचा तांब्या पाठवायच्या. फक्त आमच्या घराचा विषय निघाला की शेंगा निवडायला घ्यायच्या. “या ना एकदा,” म्हटलं की “बघू” म्हणायच्या.

शेवटी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची वाटी दिली. “पाडव्याचं निमंत्रण द्या. रीतसर. आणि तिथं भाषण करू नका,” म्हणून सांगितलं. मीही बरोबर गेले. नवऱ्यानं घाईघाईनं वाटी पुढं केली. अक्षता निम्म्या खालीच सांडल्या. अक्कांनी त्या सांडलेल्यासुद्धा वेचून घेतल्या.

“पाडव्याला येईन,” त्या म्हणाल्या. “पुढल्या दारानं येईन, भावजी. मागल्या दारानं येणारी बाई नाय मी. अन् तोरण माझ्या हातानं बांधीन. ते दुसऱ्या कुणी बांधल्यालं वाळकं तोरण तेवढं आधी काढून ठिवा. मला ते दिसाया नको.”

“आजच काढतो, वैनी,” नवरा म्हणाला. एवढा खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. गाडी चालवताना तो चक्क शीळ वाजवत होता.

घरी आलो. त्यानं स्टूल आणलं, दाराशी ठेवलं, वर चढला आणि चढला तसाच उतरला. “अगं, इकडं ये,” म्हणाला.

दाराच्या चौकटीवर ते वास्तूचं तोरण होतं. आंब्याची पानं वाळून तपकिरी झालेली, मध्ये लोकरीचे गोंडे. दसऱ्याला ते बदलायचं, पण दसऱ्याला आम्ही पुण्याला मुलीकडं होतो आणि ते तसंच राहिलं. गेले काही दिवस त्याच्या एका टोकाला कचरा लोंबत होता. काड्या, जाळी, कागदाचे कपटे, माझ्याच लोकरीच्या गोंड्याचे धागे. “ते जळमट काढा,” असं मी नवऱ्याला रोज सांगत होते आणि रोज तो “काढतो” म्हणत होता. आता त्या जळमटाला एका बाजूनं गोल दार होतं. दारावर पावसाळी पत्र्यासारखी छोटीशी पडवीही काढली होती. आणि त्या दारातून एक बाकदार चोच बाहेर आली होती. आरशातल्या पैलवानाची बायको. तिचा नवरा भांडत होता तेवढ्या दिवसांत तिनं एकटीनं घर बांधलं होतं, आणि माझ्या नवऱ्याच्या आळसानं ते वाचलं होतं.

“अंड्यावर बसलीय,” नवरा कुजबुजला. त्यानं आतून दाराला कडी घातली, बाहेर स्टूल आडवं ठेवलं आणि त्या दिवसापासून आम्ही मागच्या दारानं ये-जा करू लागलो.

मी अक्कांच्या बाजूची होते, हे स्पष्टच सांगते. पाखरं वर्षभर घरटी बांधतात. वैनी वर्षानं येत होती. “तोरण अलगद सोडून मागच्या दाराला बांधा,” मी सुचवलं. हलवलं की मादी सोडून जाते, असं त्यानं अ‍ॅपच्या हवाल्यानं सांगितलं. बिजागरीला बदक म्हणणाऱ्या अ‍ॅपवर माझा विश्वास नव्हता. मग तो म्हणाला, “वैनीला फोन करून सांगतो की असं असं झालंय.”

“फोन?” मी म्हटलं. “पुन्हा मोबाइलवरच?”

तो खाली बसला. मग डोकं धरून म्हणाला, “ती म्हणेल, एक वाळकं तोरण काढवंना याला माझ्यासाठी.” तेव्हा मला कळलं की मला वाटत होतं तसं हे पाखराचं वेड नव्हतं. त्याला अक्का हव्या होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि तरी त्या चोचीकडं बघून त्याचा हात वर होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो समक्ष सांगायला गेला. दुपारी आला तो ढेकर देत. अक्कांनी धपाटी केली होती, वर लोणी. “सांगितलं?” मी विचारलं. “ती लई खुशीत होती गं,” तो म्हणाला. “लुगडं काढून दाखवलं मला, पाडव्याला नेसायचं.” म्हणजे धपाटी पोटात गेली होती आणि बोलणंही पोटातच राहिलं होतं.

मग एका दुपारी तो झोपलेला असताना मीच केरसुणी घेऊन स्टुलावर चढले. म्हटलं, पाप मला लागू दे, पण अक्का घरात येऊ देत. मादी आत होती. उडाली नाही. दारातून तोंड काढून नुसती बघत राहिली, केरसुणीकडंसुद्धा नाही, माझ्याकडं. मी उतरले. नवरा उठल्यावर त्याला सांगितलं की स्टुलाचा एक पाय हलतोय, तेवढा बघून घ्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग स्टुलाकडं पाहिलं. स्टुलाचा पाय ठीक होता.

पाडवा उजाडला. अंगणात गुढी उभी केली. पुरण शिजलं. दोनच दिवसांपूर्वी अंडी फुटली होती आणि घरट्यातून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली होती. नवऱ्यानं एक बेत केला होता: क्षणभर दार उघडायचं, अक्कांनी वाकून पटकन आत यायचं, तोरणाचं नंतर बघू. अक्का आयुष्यात कुणापुढं वाकलेल्या मी पाहिल्या नव्हत्या, पण सणाच्या दिवशी कशाला बोला.

थोरल्या दिरांच्या गाडीवरून अक्का आल्या. नवं लुगडं, नथ, काखेत पिशवी, तिच्यातून आंब्याचे आणि कडुलिंबाचे डहाळे बाहेर आलेले. नवऱ्यानं त्यांना पुन्हा कुंकू लावलं. मी पायावर घालायला पाण्याचा तांब्या आणि ओवाळायला भाकरतुकडा घेऊन पायरीवर उभी होते. अक्का व्हरांड्यात चढल्या, थबकल्या, वर पाहिलं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “ते वाळकं तोरण अजून तिथंच हाय.”

“वैनी, ते... त्याच्यावर...” नवरा म्हणाला. दिरांनी दुसरीकडं पाहिलं. मी तांब्या धरून उभी. वर्षभरापूर्वी ओट्यावर बसलेल्या बाईचा चेहरा कसा झाला असेल, ते मला तेव्हा प्रत्यक्ष दिसलं. वाटलं, आता या वळतील, गाडीवर बसतील आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

तेवढ्यात मादी आली. चोचीत कोळी होता. ती घरट्याकडं झेपावली, दारात आम्ही सगळे उभे बघून मागं फिरली आणि दिव्याच्या वायरीवर बसली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. आत चिवचिव वाढली. अक्कांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

“पिल्लं हायत व्हय आत?”

“व्हय,” नवरा म्हणाला. शहरात इतकी वर्षं काढून त्याच्या तोंडून ‘व्हय’ निघालं.

“अन् तुमी समदे हितं हुबे? ती घास घेऊन ताटकळायली, दिसंना का कुणाला? बाळंतिणीच्या दारात अशी जत्रा भरवित्यात व्हय? सरका, सरका बाजूला!”

आम्ही सरकलो. दीरसुद्धा सरकले. आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीला लिंबाचा डहाळा लावतात. तो दिसला की बाहेरच्या माणसानं आत जायचं नसतं. अक्कांनी पिशवीतून तोरणासाठी आणलेला लिंबाचा डहाळा काढला, व्हरांड्याच्या खांबाला खोचला आणि पदर खोचून घराला वळसा घालत निघाल्या. मागल्या दारानं न येणारी बाई मागल्या दाराकडं निघाली होती.

मी दुसऱ्या बाजूनं धावले. मागचं अंगण पाहुण्याला दाखवण्यासारखं नव्हतंच. खरकटी भांडी, ओला पंचा, दोरीवर नवऱ्याचा एकच मोजा, कारण दुसरा अजून आरशावर होता. तिथंच, धुण्याच्या दगडापाशी, मी अक्कांच्या पायावर पाणी घातलं. धावताना निम्मं सांडलं होतं, उरलेलं घातलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो कुठून तरी बघत बसलेल्या मुंगसानं नंतर नेला.

उंबऱ्याशी अक्का थांबल्या. नवरा मागं उभा होता, शाळेतल्या पोरासारखा. त्याच्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “मी वास्तूला आले आसते ना, तर दसऱ्यालाच ते तोरण काढून फेकलं आसतं. वाळकं पान मी दाराला ठिवू देत नाय. मंग हिनं कुठं बांधलं आसतं घर?”

नवरा त्यांच्या पाया पडायला वाकला, तो बराच वेळ वर आला नाही. मी रडले. लपवलं वगैरे नाही, सरळ रडले. अक्कांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “उठा भावजी, पुरण निवायलं,” म्हणाल्या आणि आत जाऊन सगळ्यात आधी पुरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं. जायफळ कमी होतं. त्यांनी तसं सांगितलं. मग माझ्याकडून सुतळी मागून घेतली आणि मागच्या दाराला आंब्याच्या पानांचं हिरवंगार तोरण बांधलं. गाठ इतकी घट्ट मारली की दाताशिवाय सुटायची नाही.

पिल्लं पुढं उडून गेली. पुढचं दार उघडलं. पण अक्कांना मागच्या दाराची सवय लागली ती लागलीच. शेतावरून येता-जाता त्या हाक न मारता आत येतात, भांड्यांवरची झाकणं उचलतात, मीठ-तिखटाचा निकाल देतात. परवा वाळवणाच्या वेळी वानरं आली तर त्यांनी अशी शिवी हासडली की ती म्हातारी वानरीण कुरडई टाकून पळाली. नवऱ्यानं दुर्बीण घरात नेऊन ठेवली.

घराला वर्ष झालं म्हणून आम्ही अक्षय तृतीयेला सत्यनारायण घातला. या वेळी मी कुंकू-अक्षत घेऊन सगळ्यात आधी अक्कांकडं गेले. नवरा बरोबर होता. त्या ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. माझ्या हातातली वाटी बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

“मला कशाला गं अक्षत? मी काय पाहुणी हाय? मी तर घरचीच की.”

नवऱ्यानं माझ्याकडं असं विजयानं पाहिलं की काही विचारू नका. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं होतं, हात पदराला पुसला होता आणि तळवा केव्हाचा पुढं धरला होता.